बँकरप्सी (दिवाळखोरी) फाइल करायच्या आधी घर कसं वाचवायचं: होमस्टेड एक्झेम्प्शनचा हिशोब

आधीच सांगतो, मी वकील नाही. माझ्या साडूचं न्यू जर्सीमधलं खाण्याचं दुकान बुडलं, दुकानाच्या कर्जावर त्याने पर्सनल गॅरंटी दिलेली होती, दुकान बंद करून ते टेक्सासला आले आणि मागोमाग देणंही आलं. त्या सगळ्या प्रकरणात कागद गोळा करणं, वकिलाकडे शेजारी बसणं, रात्री फोनवर बायकोच्या बहिणीची समजूत काढणं हे सगळं मी केलं, आणि तेव्हा जे शिकलो ते इथे लिहितोय कारण अमेरिकेतली आपली मंडळी या विषयावर बोलतच नाहीत, सगळं झाल्यावर कळतं की अमक्याचं घर गेलं.

पहिला गोंधळ आधी दूर करतो. टेक्सासमध्ये घर घेतलं की सगळे म्हणतात होमस्टेड फाइल केलंस का. ते प्रॉपर्टी टॅक्स कमी करायचं होमस्टेड, अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे फॉर्म भरायचा, फुकट असतो. (आणि तेच करून देतो म्हणून सरकारी वाटणारी पत्रं पाठवून पैसे मागणारे लोक असतात, ती पत्रं सरळ कचऱ्यात.) मी बोलतोय ते वेगळं आहे. नाव तेच, काम वेगळं. तुम्ही बँकरप्सी फाइल केली तर राहत्या घरातली तुमची किती इक्विटी (कर्ज वजा जाता घरातला तुमचा हिस्सा) क्रेडिटरच्या, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्या, हाताला लागणार नाही, ती मर्यादा म्हणजे हे होमस्टेड एक्झेम्प्शन. आपल्याकडेही याची छोटी बहीण आहे बरं का, सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ६० मध्ये शेतकऱ्याचं राहतं घर जप्तीतून वगळलेलं आहे. कल्पना तीच, देणेकऱ्याला रस्त्यावर आणू नये.

आता हिशोब. कागद घ्या आणि खरंच लिहा, डोक्यात करू नका. घराची आजची किंमत, त्यातून मॉर्गेजची शिल्लक वजा, दुसरं कर्ज किंवा हेलॉक (घर तारण ठेवून काढायची क्रेडिट लाइन) असेल तर ते वजा, प्रॉपर्टी टॅक्स थकला असेल तर तो वजा. उरली ती इक्विटी. किंमत झिलोवरून (घरांच्या अंदाजे किमती दाखवणारी वेबसाइट) उचलू नका, झिलो कधी पन्नास हजार वर असतं कधी खाली, आणि इथे पन्नास हजारावरच खेळ आहे. ओळखीच्या रिअल्टरकडून आजूबाजूला गेल्या काही महिन्यांत विकलेल्या घरांची तुलना मागा, नाहीतर पैसे भरून अप्रेझल करून घ्या. छप्पर गळतंय, फाउंडेशनला भेग आहे, एसी वीस वर्षांचा आहे, हे सगळं लिहून फोटो काढून ठेवा, एरवी पाहुण्यांपासून लपवतो ते इथे कामाचं असतं.

उदाहरण घेऊ. घर ५,२०,००० डॉलरचं, मॉर्गेज ४,१०,०००. इक्विटी १,१०,०००. घर विकायला साधारण सहा टक्के खर्च धरला तर ३१,२०० गेले, राहिले ७८,८००. ट्रस्टी म्हणजे चॅप्टर ७ मध्ये (बँकरप्सीचा मालमत्ता विकून देणी भागवायचा प्रकार) कोर्टाच्या वतीने नेमलेला माणूस, तो असाच हिशोब करतो: विकून, बँकेचं देऊन, तुमची सूट तुम्हाला देऊन, क्रेडिटरसाठी काही उरतं का? उरत नसेल तर तो घराला हात लावत नाही. उरत असेल तर लावू शकतो, आणि त्याची फी वाटलेल्या रकमेवर टक्केवारीने असते हे लक्षात ठेवा.

तुमची सूट किती हे कुठल्या राज्याचा कायदा लागू होतो त्यावर. आणि फरक इतका आहे की पहिल्यांदा ऐकलं तर विश्वास बसत नाही.

फेडरल कायद्यातली सूट १ एप्रिल २०२५ पासून माणशी ३१,५७५ डॉलर आहे, दर तीन वर्षांनी वाढते. नवरा-बायको दोघं मालक असून एकत्र फाइल करत असतील तर दुप्पट, ६३,१५०. न्यू जर्सीला स्वतःची होमस्टेड सूट नाहीच, त्यामुळे एडिसनमधला माणूस फेडरलच घेतो. वरच्या उदाहरणात ७८,८०० मधून ६३,१५० गेले, उघडे राहिले १५,६५०. म्हणजे घर धोक्यात, पण फार नाही, यावर पुढे सांगतो.

तेच घर टेक्सासमध्ये असेल तर उघडे राहिले शून्य. टेक्सासच्या राज्यघटनेतच आहे, रकमेला मर्यादा नाही, फक्त जागेला आहे, शहरात दहा एकर आणि खेड्यात कुटुंबाला दोनशे एकर. फ्लोरिडाही तसंच, शहरात अर्धा एकर. कॅलिफोर्नियाने २०२१ पासून नियम बदलला, काउंटीतल्या घरांच्या मधल्या किमतीइतकी सूट, किमान ३ लाख आणि कमाल ६ लाख, आणि ते आकडे तेव्हापासून महागाईप्रमाणे दरवर्षी वाढतात, पण ती दोघांची मिळून एकच, नवरा-बायको म्हणून दुप्पट होत नाही आणि तिथे फेडरलची यादी निवडता येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये काही न नोंदवताही १,२५,००० मिळते, पण रजिस्ट्री ऑफ डीड्सकडे एक कागद नोंदवला तर ऑगस्ट २०२४ पासून दहा लाखांपर्यंत. बोस्टनच्या बाजूला घर असेल आणि तो कागद नोंदवलेला नसेल तर हे वाचणं इथेच थांबवून आधी ते करा, कर्ज असो नसो.

इथपर्यंत वाचून डोक्यात आलं असेल की मग टेक्सासला जाऊन मोठं घर घ्यायचं आणि फाइल करायचं. लोकांनी हेच केलं म्हणून २००५ मध्ये कायदा बदलला. आता तीन कुलपं आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात रकमेपेक्षा तारखा महत्त्वाच्या आहेत, लोकांचं लक्ष मात्र रकमेवर असतं.

पहिलं कुलूप ७३० दिवसांचं. फाइल करायच्या आधीचे ७३० दिवस, म्हणजे दोन वर्षं, तुमचं राहणं एकाच राज्यात हवं, तरच त्या राज्याची सूट. नसेल तर ७३० दिवसांच्या आधीचे जे १८० दिवस, त्यात जास्त दिवस जिथे होतात त्या राज्याचा कायदा. साडू २० मार्च २०२३ ला टेक्सासला आला. आम्ही वकिलाकडे पहिल्यांदा गेलो २०२५ च्या जानेवारीअखेर. वकीलबाईंनी कर्ज किती हे विचारलंच नाही, पहिला प्रश्न, इथे आलात कधी? तारीख सांगितल्यावर कॅलेंडर काढलं आणि म्हणाल्या आज फाइल केलं तर तुम्ही न्यू जर्सीचे, फेडरल सूट, तेव्हाच्या आकड्याने दोघांची मिळून ५५,८००. घरात इक्विटी होती दीड लाखाच्या आसपास. सात आठवडे थांबलात तर तुम्ही टेक्सासचे. सात आठवडे! क्रेडिट कार्डवाले दिवसाला सहा फोन करत होते, मेहुणी म्हणत होती काय ते एकदाचं करून टाका, आणि त्या घाईतच घर गेलं असतं. थांबले, एप्रिलमध्ये फाइल केलं. थांबता आलं कारण अजून कोणी कोर्टात जजमेंट मिळवलेलं नव्हतं आणि मॉर्गेजचे हप्ते चालू होते, हे दोन्ही नसेल तर थांबायचं की नाही हे वेगळं गणित आहे, ते वकीलच सांगेल.

आल्याची तारीख सिद्ध करावी लागू शकते म्हणून ट्रकच्या भाड्याची पावती, पहिला लीज, ड्रायव्हिंग लायसन्स बदलल्याची तारीख, मुलांच्या शाळेची नोंद, विजेचं पहिलं बिल हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. आम्हाला लीज सापडत नव्हता, शेवटी मुलीच्या शाळेच्या प्रवेशाच्या ईमेलवर भागलं.

दुसरं कुलूप १,२१५ दिवसांचं, साधारण तीन वर्षं चार महिने. घर त्या मुदतीत घेतलेलं असेल तर राज्याची सूट अमर्याद असली तरी तुम्हाला फेडरल टोपी, म्हणजे कमाल मर्यादा, लागते, १ एप्रिल २०२५ नंतरच्या केसला २,१४,००० डॉलर. त्याच राज्यातलं, त्या मुदतीच्याही आधी घेतलेलं घर विकून त्याचे पैसे या घरात घातले असतील तर तेवढा भाग या टोपीत धरत नाहीत, म्हणून जुन्या घराचे क्लोजिंगचे कागद फेकू नका. साडूचं घर दोन वर्षांचंच होतं, पण इक्विटी टोपीच्या खाली, निभावलं.

तिसरं कुलूप हेतूचं. क्रेडिटरला चकवायला म्हणून बँकेतले पैसे किंवा शेअर विकून मॉर्गेज फेडलं, तर तेवढी सूट कापता येते आणि यासाठी कोर्ट मागे दहा वर्षं बघू शकतं. नेहमीचा हप्ता भरणं वेगळं, फाइल करायच्या आदल्या महिन्यात ऐंशी हजार एकरकमी भरणं वेगळं.

आता काय करू नये, कारण माझ्या बघण्यात घरं जातात ती इथे.

घर आई-वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर करू नका. आम्हाला एका कागद भरून देणाऱ्या माणसाने, वकील नव्हता तो, अगदी आत्मविश्वासाने हाच सल्ला दिला होता, सासूबाईंच्या नावावर टाका आणि निवांत राहा. फाइल करण्याआधीच्या दोन वर्षांतले असे व्यवहार ट्रस्टी उलटवू शकतो, राज्याच्या कायद्याने बऱ्याच ठिकाणी चार वर्षं मागे जाता येतं. आणि गंमत म्हणजे टेक्सासमध्ये जे घर तुमच्या नावावर पूर्ण सुरक्षित होतं ते सासूबाईंच्या नावावर करून तुम्ही स्वतःच उघड्यावर आणता.

मेहुण्याचे, मामांचे, मित्राचे पैसे आधी फेडू नका. मला माहीत आहे हे आपल्याला जड जातं, बँक गेली खड्ड्यात पण घरच्यांचं देणं आधी, असंच आपण वाढलोय. पण नातेवाईकाला फाइल करण्याआधीच्या एका वर्षात दिलेले पैसे ट्रस्टी त्याच नातेवाईकाकडून परत मागू शकतो, म्हणजे तुम्ही मामांना पैसे नाही, वकिलाची नोटीस दिलीत. नंतर, केस संपल्यावर, स्वतःच्या मर्जीने हवे तेवढे द्या, त्याला कोणी अडवत नाही.

हेलॉक काढून क्रेडिट कार्डं फेडू नका. क्रेडिट कार्डचं कर्ज बँकरप्सीत जातं. तेच तुम्ही घरावर घेतलंत की ते घराला चिकटलं, आणि घरावर घेतलेल्या कर्जाविरुद्ध होमस्टेड सूट चालत नाही. तशीच ती मॉर्गेजविरुद्ध, प्रॉपर्टी टॅक्सविरुद्ध, घराचं काम करून पैसे न मिळालेल्या काँट्रॅक्टरच्या लीनविरुद्ध (लीन म्हणजे देण्यापोटी घरावर चढवलेला बोजा), आयआरएसच्या लीनविरुद्ध चालत नाही. मुलांचा सपोर्ट थकला असेल तर त्यालाही नाही.

४०१ के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) मोडू नका. तो पैसा बँकरप्सीत जवळजवळ पूर्ण सुरक्षित असतो. साडूने कोणाला न विचारता त्यातले अठरा हजार काढून दुकानाचं भाडं भरलं होतं, वर टॅक्स आणि दहा टक्के दंड, आणि दुकान तरी बुडलंच.

आणि आता आपल्या लोकांचा खास विषय, पुण्यातला फ्लॅट. अमेरिकन कायद्यात बँकरप्सीच्या मालमत्तेत तुमची जगात कुठेही असलेली आणि कोणाकडेही ठेवलेली मालमत्ता येते. कोथरूडचा फ्लॅट, सातबाऱ्यावर चढलेलं तुमचं नाव, वडील गेल्यावर वारसाने आलेला पण अजून वाटणी न झालेला हिस्सा, एनआरई खातं, एलआयसीची पॉलिसी, लॉकरमधलं सोनं, सगळं लिहायचं. होमस्टेड फक्त राहत्या घराला, कोथरूडच्या फ्लॅटला नाही. फाइल केल्यानंतर १८० दिवसांत कोणाच्या मृत्यूमुळे वारसा तुमचा झाला तरी तोही कळवावा लागतो. लोक म्हणतात त्यांना इथून काय कळणार. अहो, दरवर्षी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म, तुम्हीच भरता ना? कोकणातली चार गुंठे कातळ जमीन कोणी ट्रस्टी विकायला येणार नाही, पण ती लपवलीत तर तो फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि कर्जमाफीच नाकारली जाऊ शकते. साडूचं गावाकडच्या घरात एक चतुर्थांश नाव होतं, भावाकडून उतारा व्हॉट्सअपवर मागवला, किंमत प्रामाणिकपणे लिहिली, ट्रस्टीने दोन प्रश्न विचारले आणि विषय संपला.

व्हिसाचं थोडक्यात. बँकरप्सीला नागरिकत्व लागत नाही, एच-१बीवाल्यालाही फाइल करता येते. पण काही राज्यांत होमस्टेडसाठी इथे कायम राहायचा हेतू बघतात, फ्लोरिडात तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना यात अडचण आलेली आहे, तेव्हा स्टेटस वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

चॅप्टर ७ की १३ (पाच वर्षांपर्यंत हप्त्याने फेडायचा प्रकार)? इक्विटी पूर्ण झाकली जात असेल, हप्ते चालू असतील आणि उत्पन्नाच्या मीन्स टेस्टमध्ये बसत असाल तर ७, काही महिन्यांत मोकळे. काही भाग उघडा असेल किंवा हप्ते थकले असतील तर १३. वरचं एडिसनचं उदाहरण आठवा, १५,६५० उघडे. चॅप्टर १३ मध्ये ट्रस्टी घर विकत नाही, पण क्रेडिटरना किमान तेवढे तरी मिळाले पाहिजेत, म्हणजे साठ महिन्यांत महिना २६१ डॉलरच्या आसपास, वर ट्रस्टीचं कमिशन, आणि थकलेले हप्तेही त्याच पाच वर्षांत भरायची सोय. महिना २६१ मध्ये घर राहत असेल तर मी डोळे मिटून १३ म्हणेन. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, चॅप्टर ७ तुम्हाला वाटेल तेव्हा मागे घेता येत नाही. ट्रस्टीला घरात पैसे दिसले आणि तुम्ही म्हणालात नको, केस रद्द करतो, तर कोर्टाची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. १३ साधारणपणे मागे घेता येते. म्हणून इक्विटीचा आकडा काठावर असेल तर ७ मध्ये उडी मारू नका.

घर न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल आणि कर्जावर सही एकाचीच असेल, तर वकिलाला टेनन्सी बाय द एन्टायरटी (नवरा-बायकोची अशी एकत्र मालकी की एकाच्या कर्जासाठी घराला हात लावणं अवघड) असे शब्द उच्चारून विचारा. धंद्याच्या कर्जावर बहुतेक वेळा नवऱ्याचीच सही असते, आणि तिथे होमस्टेडपेक्षा हे मोठं निघू शकतं. अशा वेळी दोघांनी एकत्र फाइल करणं उलट नुकसानीचं.

फॉर्म भरताना शेड्यूल सी हा तो कागद ज्यावर तुम्ही सूट मागता. मागितली नाही तर मिळत नाही, आपोआप कोणी देत नाही. कुठल्या कायद्याचं कुठलं कलम आणि किती रक्कम हे तिथे लिहायचं असतं, फेडरल आणि राज्य अशी खिचडी चालत नाही, एकच यादी निवडायची. क्रेडिटरने जजमेंट मिळवून घरावर लीन टाकलेली असेल तर ती सूट मिळण्याच्या आड येते म्हणून काढून टाकायचा वेगळा अर्ज असतो, तो वकील विसरला तर कर्ज जातं पण लीन घरावर तशीच बसते आणि दहा वर्षांनी घर विकताना समोर येते. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आमच्या बाईंनी वैतागून, हो हो, तशी लीन नाहीच, असं लेखी पाठवलं.

फाइल करायच्या आधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेचं क्रेडिट काउन्सेलिंग करावं लागतं, ऑनलाइन होतं. कोर्टाची फी चॅप्टर ७ ला ३३८ आणि १३ ला ३१३ डॉलर, वकिलाची वेगळी. फाइल केल्या क्षणी स्टे लागतो, म्हणजे फोन, पत्रं, घराचा लिलाव, सगळं थांबतं. साडूच्या घरात त्या रात्री फोन वाजला नाही तर मेहुणी दोनदा उठून बघून आली की बंद पडलाय का.

मग ३४१ मीटिंग, आता झूमवर असते. जज नसतो, ट्रस्टी असतो. घर कधी घेतलं, किंमत कशावरून लिहिली, गेल्या काही वर्षांत कोणाला काही दिलं का, वारसा येणार आहे का. आमची नऊ मिनिटांत झाली. ती संपल्यावर क्रेडिटर आणि ट्रस्टीला तुम्ही मागितलेल्या सूटवर हरकत घ्यायला ३० दिवस असतात. ते ३० दिवस कॅलेंडरवर मांडा, त्यात घर रिफायनान्स नको, विकायचा विचार नको, बोर्ड लावणं तर नकोच. आमच्या केसमध्ये एकतिसाव्या दिवशी सकाळी वकिलाच्या ऑफिसातून एका ओळीचा ईमेल आला, हरकत नाही. साडूने तो मला फॉरवर्ड केला आणि खाली विचारलं, या महिन्याचा मॉर्गेजचा हप्ता भरायचाय ना तरी? भरायचाय रे बाबा, दर महिन्याला. कर्जमाफीने तुझ्यावरची जबाबदारी गेली तरी बँकेची लीन घरावर आहे तशीच आहे.